चिठ्ठीतली शेवटची गोळी

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत परदेशातली मुले घरी येतात, तेव्हा बदाम आणि चॉकलेटांच्या जोडीला बॅगेतून हल्ली आणखी एक वस्तू हमखास निघते. जीवनसत्त्व ‘ई’, सेलेनियम, रेस्वेराट्रॉल, हळदीचा अर्क अशा नावांच्या मोठाल्या बाटल्या. ‘बाबा, रोज एक घेत जा. अँटिऑक्सिडंट आहे, वय जाणवणार नाही. फायदा नाही झाला तरी अपाय तर नाही ना!’ ज्यांची मुले परदेशी नाहीत त्यांची सोय कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात होते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या चिठ्ठीत शेवटच्या ओळीवर ताकदीची एक कॅप्सूल असतेच. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की दुकानदाराला विचारून चिठ्ठीतले काहीतरी वगळले जाते, आणि अनेकदा वगळली जाते ती रक्तदाबाची गोळी. ‘ती घेऊन काही जाणवतच नाही’ हे कारण. ताकदीची कॅप्सूल मात्र राहते.

या कॅप्सूलबद्दल दोन समजुती आहेत. एक, तिने म्हातारपण लांबते. दुसरी, निदान तिने अपाय होत नाही. गेल्या तीस वर्षांत या दोन्ही समजुती लाखो माणसांवर तपासून झाल्या आहेत. पहिली खरी ठरली नाही, यात फारसे नवल नाही. औषधशास्त्रात अशी निराशा नित्याची असते. दुसरी खोटी ठरली, ही गोष्ट मात्र अजून आपल्या घरांपर्यंत आणि बऱ्याच दवाखान्यांपर्यंतही पोचलेली नाही.

मूळ कल्पना मोठी देखणी होती. तेल उघडे राहिले की खवट होते, चिरलेले सफरचंद काळे पडते, लोखंड गंजते. या सगळ्यामागे ऑक्सिजनशी होणारी रासायनिक क्रिया असते. आपल्या पेशीही ऑक्सिजन वापरूनच ऊर्जा तयार करतात आणि त्या कामात काही अस्थिर, आक्रमक रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेणे हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे पेशींची आवरणे, प्रथिने आणि जनुकीय द्रव्य यांना इजा होते. ही इजा साठत जाणे म्हणजेच म्हातारपण, असा सिद्धांत डेनम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी हार्मन तेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते. इंधने आणि तेले खराब होऊ नयेत म्हणून त्यांत अँटिऑक्सिडंट मिसळतात, हे त्यांना चांगले ठाऊक होते. मग माणसालाही तेच का देऊ नये? पुढे रसायनशास्त्र आणि शांतता अशी दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी ‘सी’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांचा हिरिरीने पुरस्कार केला आणि ही कल्पना प्रयोगशाळेतून थेट बाजारात आली.

तिला पाठबळही मिळत गेले. भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांना कर्करोग आणि हृदयविकार कमी होतात, असे अनेक पाहण्यांत दिसत होते. ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळत होता. बीटा कॅरोटीन म्हणजे गाजराला, पिकलेल्या आंब्याला रंग देणारे द्रव्य. तेव्हा ते गोळीतून द्यावे, हा विचार साहजिकच होता.

फिनलंडमधील संशोधकांनी तो रीतसर तपासायचे ठरवले. ५० ते ६९ वयाचे, सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष त्यासाठी निवडले गेले. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. काहींना बीटा कॅरोटीन, काहींना जीवनसत्त्व ‘ई’, काहींना दोन्ही आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच ते आठ वर्षे हे चालले. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा संशोधकांचाच त्यावर विश्वास बसेना. बीटा कॅरोटीन न घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४०२ रुग्ण निघाले होते आणि घेणाऱ्यांत ४७४. म्हणजे जवळपास १८ टक्के जास्त. एकूण मृत्यूही त्या गटात ८ टक्क्यांनी जास्त होते.

हा योगायोग असेल, असे म्हणायला तेव्हा जागा होती. अमेरिकेत त्याच वेळी दुसरी चाचणी सुरू होती. तिच्यात सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढत असलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले अशा १८,३१४ जणांना बीटा कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ‘ए’ एकत्र, किंवा नुसतीच दिसणारी गोळी दिली जात होती. जानेवारी १९९६ मध्ये ती ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते. त्याच वर्षी २२ हजारांहून अधिक अमेरिकी डॉक्टरांवर बारा वर्षे चाललेल्या चाचणीचे निकाल आले. त्यांच्यात सिगारेट ओढणारे थोडेच होते. बीटा कॅरोटीनने त्यांना ना फायदा झाला ना तोटा.

यानंतर भिस्त राहिली जीवनसत्त्व ‘ई’वर. त्याची रोजची गरज साधारण १५ मिलिग्रॅम मानली जाते आणि शेंगदाणे, तेलबिया, खाद्यतेल यांतून ते मिळत असते. चाचण्यांत वापरलेली आणि बाजारात सहज मिळणारी ४०० एककांची कॅप्सूल म्हणजे या गरजेच्या दहा पटींहून अधिक. हृदयरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत तिचा काही उपयोग दिसला नाही. २००५ मध्ये त्याच रुग्णांचा पुढचा हिशेब आला, तेव्हा हृदय निकामी होण्याचे प्रमाण कॅप्सूल घेणाऱ्यांत जास्त होते. मग प्रोस्टेटच्या कर्करोगाला आळा बसतो का, हे ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांत तपासले गेले. २०११ मध्ये दिसले ते असे : नुसतीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत या कर्करोगाचे ५२९ रुग्ण, तर तेवढ्याच मोठ्या ‘ई’ गटात ६२०. गोळ्या बंद होऊन तीन वर्षे झाली होती, तरी फरक वाढतच गेला होता.

अशा एकेका चाचणीवर विसंबू नये, हे खरेच. म्हणून कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये अशा ७८ चाचण्या एकत्र मांडल्या. त्यांत भाग घेतलेले २,९६,७०७ लोक. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा कॅरोटीन आणि जीवनसत्त्व ‘ई’ने मृत्यूचा धोका किंचित वाढत असावा, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०२२ मध्ये हृदयविकार आणि कर्करोग टाळण्यासाठी ही दोन घेऊच नयेत, असा स्पष्ट सल्ला दिला.

मग भाज्या-फळे खाणाऱ्यांना फायदा होतो तो कशाने? एक तर भाजीत कॅरोटीन एकटे नसते. तंतू असतात, पोटॅशियम असते, शेकडो इतर द्रव्ये असतात. शिवाय ताटात कोशिंबीर आली की दुसरे काहीतरी कमी होते. आणि आवर्जून फळे खाणारा माणूस बहुधा चालायलाही जातो, सिगारेट ओढत नाही, त्याची आर्थिक स्थितीही बरी असते. रक्तातले कॅरोटीन हे या सगळ्या राहणीची खूण होती. ती खूणच गोळीत भरली गेली.

दुसरी चूक अधिक खोल होती. फ्री रॅडिकल्स म्हणजे नुसता गंज, असे समजले गेले. प्रत्यक्षात शरीर त्यांचा वापर करून घेते. पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या याच रेणूंच्या माऱ्याने. व्यायाम करताना स्नायूंत ते वाढतात आणि त्यांच्या इशाऱ्यावरच स्नायू आपली संरक्षणव्यवस्था बळकट करतात. जर्मनीत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला गेला. अर्ध्यांना रोज ‘सी’ आणि ‘ई’च्या गोळ्याही दिल्या. व्यायामाने इन्शुलिनचे काम सुधारायला हवे होते. ते गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारले, घेणाऱ्यांत सुधारले नाही. सकाळी फेरी मारून आल्यावर लगेच कॅप्सूल घेणाऱ्या मधुमेही आजोबांवर हाच अभ्यास झालेला नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. आफ्रिकेत बिळात राहणारा नेकेड मोल रॅट नावाचा, जवळजवळ बिनकेसांचा प्राणी आहे. उंदराएवढा, पण तीस वर्षे जगतो. त्याच्या पेशींत तरुण वयातच ऑक्सिडेशनची इजा भरपूर असते. हार्मन यांच्या सिद्धांतानुसार त्याने इतके जगायलाच नको.

कर्करोगाच्या पेशींबाबतही असेच. फुप्फुसात गाठींची सुरुवात झालेल्या उंदरांना स्वीडनच्या संशोधकांनी अँटिऑक्सिडंट दिले, तेव्हा गाठी अधिक वेगाने वाढल्या. २०१४ चे हे काम. आपले रक्षण करणारे द्रव्य कर्करोगाच्या पेशीचेही रक्षण करते, असा त्याचा अर्थ लावता येतो. फिनलंडमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांचे काय झाले असावे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

महाराष्ट्रात तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे आणि वरच्या चाचण्या ओढणाऱ्यांवरच्या आहेत. पण बिडी ओढणारा, दम लागणारा, साठीचा माणूस आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्याला अशक्तपणासाठी लिहून दिलेल्या कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन असेल, तर लिहिणाऱ्या डॉक्टरने एकदा वेष्टनावरचे घटक वाचायला हवेत. अशी कितीतरी मिश्रणे बाजारात आहेत आणि ती सवयीने लिहिली जातात, हे वैद्यकीय व्यवसायाने मान्य करावे.

फायद्याची बाजू अगदीच कोरी नाही. वयोमानाने डोळ्यांतील मॅक्युला झिजण्याचा आजार मध्यम टप्प्यावर असेल, तर ‘सी’, ‘ई’, जस्त आणि तांबे यांचे ठरावीक मिश्रण तो पुढे जाण्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी करते, हे अमेरिकेतील नेत्रसंस्थेने २००१ मध्ये दाखवले. त्यातले बीटा कॅरोटीन नंतर काढून ल्यूटिन आणि झियाझँथिन घालण्यात आले. कारण पुन्हा तेच, पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांतला फुप्फुसाचा कर्करोग. हे मिश्रण नेत्रतज्ज्ञाने तपासून द्यायचे असते. निरोगी डोळ्यांना त्याचा उपयोग नाही. चीनमधील लिनशियन भागात १९९३ च्या चाचणीत बीटा कॅरोटीन, ‘ई’ आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी घटले होते. गोळ्यांचे समर्थक हा दाखला नेहमी देतात, पण त्या भागातल्या लोकांच्या आहारात या द्रव्यांची वर्षानुवर्षे कमतरता होती. जिथे खड्डा आहे तिथे भर उपयोगी पडते.

आपल्याकडच्या ज्येष्ठांत असे खड्डे आहेत, फक्त ते बहुधा वेगळ्या जागी आहेत. शाकाहारी घरांत, त्यातही वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-१२ कमी असते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरणे हे सारे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. जीवनसत्त्व ‘डी’ कमी असणेही सर्रास आढळते. दातांअभावी आणि एकटेपणामुळे जेवण कमी झालेल्यांत प्रथिने अपुरी पडतात. यांतले काहीही अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलने भरून निघत नाही. रोज साधी मल्टिव्हिटॅमिन घेतल्याने साठीनंतरच्या स्मरणशक्तीत अल्प फायदा होतो, असे अमेरिकेतील एका अलीकडच्या चाचणीत दिसले आहे. पण तीत बहुतेक घटक रोजच्या गरजेच्या आसपासच होते. बाटलीभर ‘ई’शी त्याची तुलना नको.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हा युक्तिवाद हळदीच्या कॅप्सूलबाबत हमखास ऐकू येतो. फोडणीतल्या हळदीबद्दल कोणाची तक्रार नाही. तिच्यातले करक्युमिन रक्तात फार थोडे उतरते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की मिरीतल्या पायपरीनबरोबर दिल्यास त्याचे शोषण वीस पटींनी वाढते. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये पायपरीन घालण्याची पद्धत पडली, आणि अमेरिकेत अशा उत्पादनांनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद होऊ लागली. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांबाबतही तसेच. कपभर चहा निराळा आणि त्याचा अर्क निराळा.

परदेशातून आलेली बाटली उघडण्यापूर्वी मागच्या बाजूचा तक्ता वाचावा. रोजच्या गरजेच्या किती टक्के, हा रकाना तिथे असतो. आकडा हजारांत असेल तर तो पौष्टिकपणाचा पुरावा नव्हे. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू असेल तर जास्त मात्रेतल्या ‘ई’ने रक्तस्राव वाढू शकतो. मुतखडा होऊन गेला असेल तर ‘सी’च्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या नकोत. कर्करोगाचे उपचार सुरू असतील तर अशी प्रत्येक बाटली उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ ‘कोणती औषधे घेता’ असे विचारतात, तेव्हा बहुतेक जण या बाटल्या सांगतच नाहीत. त्यांच्या मते ती औषधे नसतात. भारतातल्या अशा उत्पादनांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापलेली असते, पण ती इतक्या बारीक अक्षरांत, की चाळिशीचा चष्मा लावूनही वाचवत नाही.