फ्लॅटमध्ये केवढा कुत्रा?

फर्दापूरचा एक मुलगा छत्रपती संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. परवा विचारत होता, “डॉक्टरसाहेब, सेंट बर्नार्ड घेऊ का?” मी साफ नाही म्हटले. आल्प्सच्या थंडीतला हा दाट केसांचा कुत्रा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे. शिवाय वजन ७० किलोच्या घरात! नवरा-बायको नोकरीला गेल्यावर त्याला खाली नेणार म्हातारी आई. एका हिसक्यात पडली तर खुब्याचे हाड मोडायचे. मोठाच हवा तर आपला आखूड केसांचा, सडपातळ कारवान घ्या. घरात तो निवांत पडून राहतो, पण पहाटे मनसोक्त पळवावा लागतो. तेवढा वेळ नसेल तर नकोच. रेबीजची लस वेळेवर टोचा. तरीही दात लागलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.