सहीपुरते मार्गदर्शक

ज्या वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसावर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा डोळा होता, ज्याच्या सीमेवरील वर्धा नदीच्या खोऱ्यात 1870 च्या दशकात वरोऱ्याची कोळशाची खाण आणि तिच्यामागोमाग आगगाडी एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत अवतरली, ज्याच्या शिवारात तिफणीपासून बीटी बियाण्यापर्यंत प्रत्येक नव्या साधनाने आपली कसोटी शेतकऱ्याच्या जिवावर लावली, त्या वऱ्हाडातील मारेगाव तालुक्याच्या विद्यार्थ्याला इतिहासाच्या तासाला ‘नवे शोध आणि समाज’ असा प्रकल्प दिला, की तो एडिसनच्या दिव्यावर किंवा बेलच्या टेलिफोनवर चार पाने उतरवून आणतो, वर रंगीत कागद चिकटवतो, आत दुकानातून आणलेली छापील चित्रे लावतो, आणि शेवटच्या पानावर ‘मार्गदर्शक’ या शब्दाखाली गुरुजींची सही घेतो. मार्गदर्शन कोठेच नसते.

या पापाचा धनी विद्यार्थी नव्हे. त्याला प्रश्न विचारायला कोणी शिकवले नाही; साधन कशाला म्हणतात, ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांत अंतर किती, दोन साक्षी एकमेकींविरुद्ध गेल्या तर काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. त्याला तारीख सांगितली, पृष्ठसंख्या सांगितली, गुण सांगितले. दुसऱ्याचे लिखाण आपल्या नावावर खपवणे आणि त्यावर वडीलधाऱ्यांची सही मिळवणे हाच व्यवहार तो पंधराव्या वर्षी शिकतो, आणि ज्या संस्थेने त्याला सत्याची चाड शिकवायची तीच संस्था त्या व्यवहारावर शिक्का मारते. ही चोरीची दीक्षा आहे.

वर्धा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथे तिसरीपर्यंत शिकलेल्या, जेमतेम दीड एकराचे धनी असलेल्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास ‘पटेल 3’ या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, हंगामामागून हंगाम पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या आणि बारीक दाण्याचा, चवीचा, भरघोस उताऱ्याचा वाण सिद्ध केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले आणि तो तांदूळ देशभर शिजू लागला. 1994 मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले. 1998 मध्ये ते केंद्र ज्याचे, त्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या नावाने ‘पीकेव्ही एचएमटी’ बाजारात आला. आम्ही वाणाचे शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. वाण माझा, श्रेय तुमचे कसे, असा दादाजींचा सवाल. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, पुढे आणखी मानसन्मान झाले, आणि 3 जून 2018 रोजी हा नऊ वाणांचा जनक विपन्नावस्थेतच गेला.

इतिहासाच्या शिक्षकाने या घटनेतून विद्यार्थ्यासमोर काय ठेवावे? दादाजींची आरती नव्हे. त्याने प्रश्न ठेवावा, की शोध कोणाचा हे कशावरून ठरते? शेतातल्या निवडीवरून, प्रयोगशाळेतल्या शुद्धीकरणावरून, की छापील पिशवीवरच्या नावावरून? 2001 मध्ये वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला. मग दादाजींच्या वाणाच्या वेळी तो हक्क का नव्हता, आणि आज तो आहे तर किती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला? ज्या समाजाला आपल्या कर्त्या माणसांचा पुरावा जपण्याची सवय नाही, त्या समाजात श्रेयाचा निवाडा नेहमी लेटरहेड असलेल्याच्या बाजूने लागतो. आपल्या शाळा ती सवय लावत नाहीत.

आणि मारेगावच्या मुलाला विषय मिळत नाहीत म्हणे! 1886 मध्ये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. बाजार समिती ही संपूर्ण देशाने पुढे उचललेली कल्पना आपल्या वऱ्हाडात जन्मली, हे वणीच्या बाजारात बापासोबत कापसाच्या गाडीवर बसून गेलेल्या किती मुलांना शाळेने सांगितले? त्या कायद्यात कापूस पिकवणाऱ्याला जागा किती होती आणि घेणाऱ्याला किती? काट्यावर कडता कापण्याची रीत कायद्याने गेली की नाव बदलून राहिली? सरकी काढणाऱ्या घरच्या रेच्याच्या जागी वाफेवरचे जिनिंग आले, तेव्हा ज्या बाया घरी गलाई करीत त्यांची मजुरी कोठे गेली? हे प्रश्न पदवीधराला पुरून उरतील; पण नववीतला मुलगाही त्यांतला एक उचलू शकतो. त्याच्या हाती 1908 चे यवतमाळ जिल्ह्याचे गॅझेटियर द्यावे, त्याला अडत्याच्या जुन्या वह्या बघायला धाडावे, बाजार समितीच्या दप्तराची वाट दाखवावी, आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीसमोर वही घेऊन बसवावे. आजी सांगते ते आणि गॅझेटियर सांगते ते जुळले नाही, की तेथे संशोधन सुरू होते.

फसलेल्या शोधाचाही इतिहास असतो, हे तर आपल्या वर्गात उच्चारलेही जात नाही. खेड्यात चालेल, खेड्यात दुरुस्त होईल असा सुधारलेला चरखा करणाऱ्यास 1929 मध्ये चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. अटी पुऱ्या करणारे यंत्र मिळाले नाही आणि पारितोषिक कोणालाच गेले नाही. अटी कोणत्या होत्या, त्या तशा का होत्या, एवढ्या एका प्रश्नात यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा सारा वाद सामावला आहे. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय शेजारच्या वर्ध्याला आजही उभे आहे. आमच्या शाळांच्या सहलींचे रस्ते मात्र वॉटर पार्ककडेच वळतात.

प्रश्न विचारण्याची सवय मोडली, की तेथे भाबडेपणा राज्य करतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आजही प्रकल्पांच्या वह्यांतून निःशंकपणे उतरवली जाते. ज्या वैमानिक शास्त्राचा तिला आधार दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी सांगून लिहवून घेतलेला आहे आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी 1974 मध्येच काढला. तरीही जानेवारी 2015 मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये वैदिक विमानांवर निबंध वाचला गेला! विद्वानांची ही गत, तर मारेगावच्या मुलाने संशय कोणाकडून शिकावा?

आणि या अज्ञानाची किंमत वहीतच राहत नाही. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो रुग्णालयांत पडले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, कीटकनाशकांची मिश्रणे, जोमाने फवारा मारणारे नवे पंप, ना हातमोजे, ना तोंडावर आवरण. बोंडअळीपासून मुक्तीचे अभिवचन घेऊन 2002 मध्ये बीटी बियाणे आले आणि पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. नव्या साधनाने काय दिले, काय हिरावले, धोका कोणी विकला आणि कोणी पाठीवर वाहिला, हा नवप्रवर्तनाच्या इतिहासातला पहिला प्रश्न. ज्यांच्या घरची माणसे त्या पंपाखाली वाकली त्यांची मुले आपल्याच वर्गात बसली आहेत, आणि आपण त्यांच्याकडून एडिसनचे चरित्र उतरवून घेतो आहोत. ही निर्लज्जता आहे.

शासनाचा दांभिकपणा याहून थोर. व्यासपीठावर ‘नवोन्मेषी विद्यार्थी’ घडवण्याच्या गर्जना करायच्या, आणि त्याच विद्यार्थ्याच्या शाळेत ग्रंथपाल द्यायचा नाही, पुस्तकांची कपाटे कुलपात ठेवायची, शिक्षकाला माहितीचे तक्ते भरायला बसवायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणबाह्य कामे शिक्षकावर टाकता येतात. प्रत्यक्षात कोणते काम टाकायचे राहिले? तरी शिक्षकबंधूंनी या ढालीआड लपू नये. मुलाचा विषय ‘शेतीतील शोध’ असा पसरट असेल तर तो ‘बोटोनी गावात सायकल डवरा कोणी, कधी, कशासाठी आणला’ इतका आवळायला पाच मिनिटे लागतात. ‘हे तुला कोणी सांगितले?’ हा प्रश्न दर आठवड्याला एकदा विचारायला शासन निर्णयाची गरज नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या मुलाला तुझ्या घरचे बांबूकाम हेही तंत्रज्ञानच आहे, ते लिही, असे सांगायला अनुदान लागत नाही.

यापुढे प्रत्येक प्रकल्पाबरोबर मूळ टिपणांची वही जमा झाली पाहिजे. ज्या माणसाला विचारले त्याचे नाव, त्याची परवानगी आणि भेटीची तारीख तीत असली पाहिजे. निदान एक जुना कागद मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. आणि गुण देण्याआधी गावकऱ्यांसमोर, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, त्याने आपले म्हणणे मांडून उलट प्रश्नांना तोंड दिले पाहिजे. मारेगावच्या मुख्याध्यापकांनी या वर्षीचे गठ्ठे आजच सोडावेत, उतरवलेले निघतील ते सारे परत करावेत, आणि परत करताना जाब मुलाला विचारू नये. शेवटच्या पानावर ज्याची सही आहे, त्याला विचारावा.