उमेदवारीचे सत्र

बॉस्टन येथील एमर्सन कॉलेज ही १८८० साली वक्तृत्वकलेची शाळा म्हणून निघालेली आणि पुढे नाट्य, नभोवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी अशी एकेक शाखा अंगीकारत गेलेली संस्था. तिच्या विद्यार्थ्याला पदवीच्या अभ्यासक्रमातले एक सत्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस शहरी काढता येते. तेथे सनसेट बुलेव्हार या रस्त्यावर थॉम मेन या स्थपतींच्या आराखड्यानुसार बांधलेल्या आणि २०१४ मध्ये उघडलेल्या दहा मजली इमारतीत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या निवासाची व वर्गांची एकत्र सोय आहे. इमारतीचे स्थान तिच्या वास्तुशिल्पाहून बोलके आहे. पश्चिमेस थोडे चालत गेले की गॉवर रस्त्याचा चौक लागतो, जेथे १९११ मध्ये नेस्टर कंपनीने हॉलिवुडातला पहिला स्टुडिओ थाटला. पूर्वेस तसेच थोडे गेले की वॉर्नर बंधूंचा जुना स्टुडिओ, ज्यात १९२७ च्या ‘द जाझ सिंगर’चे चित्रण झाले, आणि त्याच आवारात आता नेटफ्लिक्सची कचेरी. मूकपट, बोलपट आणि घरबसल्या मागवायचा चित्रपट असे या धंद्याचे तीन संसार पायी फिरून पाहता येतील इतक्या अंतरात मांडले गेले.

अशी परगावची सत्रे अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चालवितात. आठवड्यातले काही दिवस विद्यार्थी एखाद्या निर्मितिसंस्थेच्या कचेरीत उमेदवारी करतो, उरलेल्या वेळी आणि संध्याकाळी वर्गात बसतो, आणि सत्राअखेर दोहोंचे श्रेयांक त्याच्या खाती जमा होतात. या व्यवस्थेचा विचार येथे करण्याचे कारण असे की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर ‘ओजेटी’, म्हणजे प्रत्यक्ष काम करीत घ्यावयाचे प्रशिक्षण, हा शब्द आपल्याही महाविद्यालयांत रोजच्या बोलण्यातला झाला. माध्यमविभागांना आपले विद्यार्थी गोरेगाव-अंधेरीच्या कचेऱ्यांत धाडणे प्राप्त झाले. आणि कोल्हापूर, नांदेड किंवा अमरावतीहून मुंबईस येणाऱ्या विद्यार्थ्याला ते परगावचे सत्रच होय. अनुकरणाला आमचा विरोध नाही. परंतु माहितीपत्रकांवरून जे उचलले जाते ते बहुधा त्या व्यवस्थेतले सर्वांत कमी मोलाचे असते, आणि जे उचलावयास हवे ते माहितीपत्रकात नसते.

प्रथम अशा सत्रांच्या वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या विषयाविषयी. ‘ट्रान्समीडिया’, म्हणजे एकच कथाविश्व अनेक माध्यमांत वाटून मांडणे, हा शब्द मार्शा किंडर यांनी १९९१ मध्ये वापरला आणि हेन्री जेन्किन्स यांनी २००६ च्या ‘कन्व्हर्जन्स कल्चर’ या ग्रंथाने तो सर्वतोमुखी केला. त्याचे वर्गात हमखास दिले जाणारे उदाहरण ‘द मॅट्रिक्स’चे आहे आणि ते यथार्थ आहे. ‘ओसायरिस’ नावाच्या नौकेवरील मंडळींना शत्रू जमीन पोखरीत आपल्या नगराकडे येत असल्याचे कळते, आणि मरणापूर्वी त्यांच्यातली एक स्त्री ती वार्ता टपालपेटीत टाकते. हे घडते एका ॲनिमेशन-लघुपटात. ती वार्ता टपालकचेरीतून सोडवून आणण्याची कामगिरी येते ‘एन्टर द मॅट्रिक्स’ या व्हिडिओ गेमच्या खेळाडूकडे. आणि २००३ च्या मे महिन्यात झळकलेल्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये नौकांचे कप्तान त्या वार्तेवर खल करताना दिसतात, पण ती त्यांच्या हाती आली कशी हे नुसता चित्रपट पाहणाऱ्याला उलगडत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील निर्मात्यांच्या संघाने ‘ट्रान्समीडिया प्रोड्यूसर’ हे श्रेय मान्य केले तेव्हा एकाच कथाविश्वातली किमान तीन कथासूत्रे असावीत, तोच मजकूर या माध्यमातून त्या माध्यमात फिरविणे यात मोडू नये, अशी अट घातली. या कसोटीने १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आणि २०१५ चा त्याच नावाचा चित्रपट हे रूपांतर ठरते. त्याचे मोल त्याने उणावत नाही. खाते तेवढे निराळे.

हा विषय निघाला की कीर्तन, दशावतार आणि चित्रकथी यांचा हवाला देऊन ‘हे तर आमच्याकडे पूर्वीपासून होतेच’ असे म्हणण्याची आपल्याकडे एक खोड आहे. रामकथा ओवीत, सोंगात आणि चित्रपोथीत नांदली हे खरे. पण रामकथेचा मालक कोणी नव्हता, आणि कोणत्या माध्यमात तिचा कोणता भाग जावा हे ठरविणारी कचेरीही नव्हती. आज जी विद्या ‘बहुमाध्यम कथन’ म्हणून शिकविली जाते तिच्या मुळाशी मालकीचा दस्तऐवज असतो. अमेरिकेतील लेखकसंघाच्या करारनाम्यात मूळ कथा रचणाऱ्या लेखकासाठी पुस्तकरूपाचे व रंगभूमीचे हक्क आणि उत्तरकथेबद्दलचे मानधन अलग राखून ठेवण्याची तरतूद आहे. २००७-०८ मध्ये लेखक १०० दिवस संपावर गेले ते मुख्यतः इंटरनेटवरील वापराच्या मोबदल्यासाठी, आणि २०२३ मध्ये १४८ दिवस गेले ते स्ट्रीमिंगचा मोबदला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर यांसाठी. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, चित्रपटात घेतलेल्या लेखनाचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होईल त्याच्या रॉयल्टीतील समान वाटा लेखकाला सही करूनदेखील निर्मात्याच्या स्वाधीन करता येणार नाही. ही तरतूद आपल्या पदवीधरांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हे प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या वर्गात एकदा विचारून पाहावे. उत्तर ऐकल्यावर ‘कन्टेन्ट स्ट्रॅटेजी’च्या तासिका कमी करण्याचा मोह त्यास झाला तर तो आवरू नये.

आता उमेदवारीविषयी. लॉस एंजेलिसच्या कचेरीत नवशिक्याकडे येणारे काम फोन उचलण्याचे, कॉफी आणण्याचे आणि पटकथा वाचण्याचे. यातले शेवटचे काम हेच त्या सत्राचे खरे पाठ्यपुस्तक होय. बारा पॉइंटच्या कुरिअर टंकात, एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट या हिशेबाने लिहिलेली शंभर-सव्वाशे पानांची पटकथा त्याच्या हाती येते आणि तिचा अहवाल त्याने तयार करावयाचा असतो: शीर्षस्थानी लेखकाचे नाव, कथेचा काळ, स्थळ, प्रकार आणि एका वाक्यात कथा, मग पान-दीड पानात साद्यंत सारांश, ज्यात स्वतःचे मत घुसडावयाचे नाही, मग पानभर अभिप्राय, आणि अखेरीस शेरा, की पटकथा नाकारावी, विचारात घ्यावी, की तिची शिफारस करावी. बहुतेक पटकथांच्या वाट्याला पहिलाच शेरा येतो. आपले आवडते मत बाजूस सारून दुसऱ्याची कथा पानभरात विश्वासूपणे सांगणे किती कठीण आहे, आणि दुसरा अंक कोठे ढासळला हे नेमक्या पानासह दाखविणे किती कठीण आहे, याचा जो प्रत्यय या सामान्य कारकुनी वाटणाऱ्या कामात येतो तो ‘कथाकथनाची मूलतत्त्वे’ या विषयावरील व्याख्यानमालेत येत नाही.

परंतु तो अहवाल वाचणार कोण? कचेरीतील वरिष्ठ शेरा पाहतो आणि पान उलटतो. त्याचा इलाज नाही, त्याला पटकथा निवडावयाच्या आहेत, शिष्य घडवावयाचे नाहीत. संध्याकाळच्या वर्गात कोणी शिक्षक त्याच धर्तीचे अहवाल लिहून घेऊन समोर ठेवील, अभिप्रायातील प्रत्येक विधानाला पटकथेतला आधार मागेल, तरच ती विद्या होते. एरवी ती बिनपगारी मजुरी. हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. ‘ब्लॅक स्वान’ या २०१० च्या चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या दोन उमेदवारांनी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला. २०१३ मध्ये ते कर्मचारीच होते असा निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून, या व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा, उमेदवाराचा की मालकाचा, अशी कसोटी घालून दिली, आणि ती लावताना उमेदवारीचा औपचारिक शिक्षणाशी संबंध किती आहे हे पाहण्यास सांगितले. त्यावर श्रेयांक दिले की काम भागले, असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला. म्हणजे विद्यार्थ्याने शुल्क भरून श्रेयांक घ्यावयाचे, त्या श्रेयांकांच्या आधारे कचेरीने त्यास फुकट राबवावयाचे, आणि विद्यापीठाने मध्यस्थीबद्दल आपली पाठ थोपटून घ्यावयाची. अमेरिकेचे जे अनुकरण आम्हांस नको आहे ते हे.

कोणी म्हणेल की, दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले ते कोणत्या विद्यापीठाच्या देखरेखीखाली? ते गेले थोड्याच दिवसांसाठी. ‘बायोस्कोप’ या व्यवसायपत्राचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांस सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओपर्यंत पोहोचविले (आमच्या पेशातील एका गृहस्थाच्या हातून हे घडले याचा किंचित अभिमान वाचकांनी क्षम्य मानावा), आणि परत येऊन १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला. पण फाळके त्या वेळी चाळिशी ओलांडलेले, छायाचित्रण आणि मुद्रण यांत वर्षानुवर्षे मुरलेले गृहस्थ होते. काय पाहावयाचे ते त्यांना घरूनच ठाऊक होते. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ते दाखवून द्यावे लागते.

दाखवावयाचे साहित्य आपल्याकडे नाही, असेही नव्हे. २०१२-१३ मध्ये ‘द लिझी बेनेट डायरीज’ या यूट्यूबवरील मालिकेने जेन ऑस्टिनच्या नायिकेला कॅमेऱ्यासमोर बसवून, इतर पात्रांना ट्विटरवर बोलते करून, शंभर छोट्या भागांत कथा सांगितली आणि एमी पुरस्कार मिळविला. हे मोजक्या मंडळींस साधले याचे एक कारण, १८१३ ची कादंबरी वापरण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरीदेखील नायिकेच्याच तोंडून सांगितलेली, ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली. आणि हरिभाऊ १९१९ मध्ये निवर्तले असल्यामुळे, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या कायदेशीर मुदतीच्या कितीतरी पुढे. त्या नायिकेचे, यमूचे, बोलणे कोणत्या माध्यमात ठेवावे, आणि तिच्या सासरच्या शंकरमामंजींची बाजू मांडावयाची झाल्यास ती कोणत्या, एवढाच प्रश्न सत्रभर पुरेल.

विभागप्रमुखांस आमची विनंती एवढीच की, पुढील सत्रासाठी विद्यार्थी पाठविण्यापूर्वी महाविद्यालय, कचेरी आणि विद्यार्थी या तिघांच्या सह्यांचा करारनामा करावा. त्यात दरमहा किती विद्यावेतन मिळणार, कामाचे तास किती, विद्यार्थ्याने तेथे लिहिलेल्या मजकुराची मालकी कोणाची आणि त्यावर नाव कोणाचे जाणार, आणि दर आठवड्यास त्याचे काम कोणता शिक्षक पाहणार, हे स्पष्ट लिहिलेले असावे. ज्या विभागांनी असे करारनामे केले असतील त्यांनी त्यांच्या नकला आमच्याकडे धाडाव्यात; नावे वगळून त्यांतील उपयुक्त कलमे आम्ही छापू.