दोन एकर आपली, पण कसतंय कोण?

हॉस्टेलच्या कट्ट्यावर सहज विचारून बघा, ‘गावाकडं शेती आहे का?’ बरेच जण अभिमानानं ‘आहे की’ म्हणतील. पुढचा प्रश्न टाका, ‘करतं कोण?’ इथं गाडी जरा अडखळते. ‘पप्पा नोकरीला, काका पण शहरात. मग ठोक्यानं दिलीय.’ कुणाला? ‘गावातलेच आहेत एक. त्यांचं स्वतःचं पण मोठं आहे, ट्रॅक्टर वगैरे.’

जमिनीचा मालक दोन एकरवाला आणि ती भाड्यानं घेणारा वीस एकरवाला. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो ते नेमकं याच्या उलट होतं. वर जमीनदार, खाली कूळ. अभ्यासक या प्रकाराला ‘उलटी कूळवहिवाट’ म्हणतात. पंजाबात हरितक्रांतीनंतर ती ठळक दिसली. ट्रॅक्टर, ट्यूबवेल घेतलेल्या मोठ्या शेतकऱ्यांनी शेजारच्या लहानांची रानं रोख पैसे मोजून कसायला घेतली.

कारण साधं आहे. ट्रॅक्टरचा हप्ता दोन एकरावरही तेवढाच आणि वीस एकरावरही तेवढाच. यंत्र जेवढं फिरेल तेवढं ते एकरी स्वस्त पडतं. लहान शेतकऱ्याला नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं भाड्यानं आणावं लागतं, तेही मोठ्यांचं काम उरकल्यावर. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडची सरासरी जमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर आली, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. तीही सलग असेलच असं नाही. अर्धा एकर ओढ्याकडं, उरलेली टेकाडावर. अशा वेळी ठोक्याचे रोख पैसे घेऊन मोकळं होणं हा आळस नाही, सरळ हिशेब आहे. काही पिकांचीही गरज असते. आल्याला कंदकूज लागते, म्हणून ते त्याच रानात वर्षानुवर्षं घेता येत नाही. मग आलेवाला दरवर्षी नवं रान शोधत फिरतो.

मग मोठा शेतकरी जमीन विकतच का घेत नाही? समजा, एका एकराचा भाव 20 लाख आहे आणि त्याच एकराचा वर्षाचा ठोका 20 हजार. म्हणजे वर्षाला एक टक्का! त्याच पैशाची बँकेत एफडी केली तरी याच्या कितीतरी पट व्याज मिळेल. आकडे गावागणिक बदलतील, पण रस्ता, एमआयडीसी किंवा शहर जवळ आलं की हे प्रमाण असंच बिघडतं. भाव ठरतो उद्याच्या प्लॉटिंगवर, ठोका ठरतो यंदाच्या सोयाबीनवर. पिकाच्या पैशातून जमीन घेणं नुसत्या शेतकऱ्याला परवडत नाही. परवडतं ते शेतीबाहेर कमाई असलेल्याला. वर कायद्याच्या अटी आहेतच. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कमाल धारणेची मर्यादा बारमाही बागायतीला 18 एकर, तर जिरायतीला 54 एकर. आणि खालच्या बाजूला तुकडेबंदी. विक्रीचा बाजार असा जवळपास गोठलेला. विकणारा विकतो ते लग्न, दवाखाना नाहीतर कर्ज अंगावर आल्यावर. त्यामुळे शेती वाढवायची खरी वाट भाड्याचीच उरते.

आणि हाच बाजार कागदावर दिसत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2018-19 च्या फेरीत देशातल्या 17.3 टक्के वहितींमध्ये भाड्याची जमीन आढळली. पण गावातल्या सातबाऱ्यांवर तशी नोंद शोधून दाखवा. लोक लिहून द्यायला घाबरतात आणि त्या भीतीला इतिहास आहे. मुंबई कूळवहिवाट कायदा 1948 चा. त्याखाली 1 एप्रिल 1957 ला, ‘कृषक दिनी’, पश्चिम महाराष्ट्र-कोकणातली कुळं जमिनीची मालक झाली. नंतर लागणाऱ्या कुळालाही खरेदीचा हक्क कायद्यानं ठेवला. (मराठवाडा आणि विदर्भाचे कायदे वेगळे, धाक तोच.) लाखो कसणाऱ्यांना यातून जमीन मिळाली, हे विसरायचं कारण नाही. पण आजोबांनी नातवाला दिलेला सल्ला मात्र एकच: ‘कुणाचं नाव लागू देऊ नको.’ म्हणून व्यवहार तोंडी. दर एक-दोन वर्षांनी माणूसही बदलायचा. मग पुढच्या वर्षी जे रान हातात राहणार नाही, त्यात शेणखत कोण टाकेल? फुटलेला बांध कोण घालेल?

तोंडी व्यवहाराचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वीस एकरवाल्याकडं स्वतःचा सातबारा आहे. पीककर्ज त्यावर मिळतं आणि ठोक्याच्या रानातलं पीक बुडालं तरी घर चालतं. पण भूमिहीन किंवा एकरभर जमीन असलेला माणूस बटाईनं करतो, तेव्हा त्याच्या हातात काहीच कागद नसतो. पीएम-किसानचे वर्षाचे 6 हजार मालकाला. अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावरच्या नावाला. पीक विमा भाडेकरूला काढता येतो, पण त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो, आणि नेमका तोच कुणी करत नाही. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याचाही पाया जमिनीची नोंदच. मालक समंजस असेल तर आलेली मदत वाटून देतो. नसेल तर बियाणं, मजुरी, फवारणी सगळं बटाईवाल्याच्या अंगावर. त्यात आता मालकही रोख, आगाऊ ठोका मागतात. एकाच रानासाठी दोघं उभे राहिले की पैसे आधी मोजणारा जिंकणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

तोडगा सुचवलेला आहे. नीती आयोगाच्या टी. हक समितीनं 2016 मध्ये नमुना कायदा दिला. मालकी शाबूत, मुदत संपली की जमीन परत, आणि त्या काळापुरता कसणाऱ्याला कर्ज-विमा. आंध्र प्रदेशनं 2019 च्या कायद्यानं कसणाऱ्याला 11 महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात केली. तिथंही घोडं अडलं ते मालकाच्या सहीवर. माझ्या मते, नुसत्या कायद्यानं ही सही मिळणार नाही. ‘जमीन परत मिळते’ हे चार-दोन शेजाऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांनी दिसलं, तरच मालक पेन उचलेल. आणि कायदा झाला तरी त्याचा पहिला फायदा वीस एकरवालाच उचलू शकतो. कागद करायला त्याच्याकडं वकील आहे, वेळ आहे. लहान भाडेकरूसाठी करार ग्रामपंचायतीतच, फुकटात आणि एका पानात होणार नसेल, तर पुन्हा बटाईवाला बाहेरच राहील.

बऱ्याच गावांत पाडव्याच्या आसपास सालगड्यांचे साल ठरतात, तसेच ठोकेही. चहा होतो, आकडा ठरतो, फोनवर पैसे येतात. त्या मालकांमध्ये उद्या आपलीही नावं असणार आहेत. सही मागायला माणूस आपल्याच दारात येईल.