शंभर रुपयांतील वीस पैसे

शासनाचे धोरण प्रस्तावनेत नसते. ते लेखाशीर्षांत असते. दिल्लीतील फायलींनी मला शिकवलेला हा पहिला धडा. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेवरील भाषणे बाजूस ठेवून मी आकडे पाहिले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'इंडियाएआय मिशन'ची पाच वर्षांची तरतूद १०,३७१.९२ कोटी रुपये. त्यांपैकी संगणनक्षमतेसाठी ४,५६३.३६ कोटी, आणि 'सुरक्षित व विश्वासार्ह' या घटकासाठी २०.४६ कोटी! शंभर रुपयांत पुरते वीस पैसेही नाहीत.

'सुरक्षिततेच्या संशोधनाला यंत्रे नव्हे, माणसे लागतात,' असे यावर सांगितले जाईल. मला ते मान्य नाही. प्रणालीची कसोटी घ्यायची तर ती हजारो वेळा चालवून पाहावी लागते. शिवाय, इंग्रजीत नाकारलेले घातक उत्तर अल्पसाधन भाषेत विचारल्यास काही वेळा मिळते, हे २०२३ मधील संशोधनातच दिसले आहे. मग मराठीतील कसोटी कोण घेणार? कॅलिफोर्निया आपणहून घेईल, या भरवशावर राज्यकारभार चालत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सुरक्षा संस्थेची घोषणा झाली. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत मंडपम येथे जागतिक परिषदही झाली. मांडव मोठा, पानात मात्र चिमूटभर मीठ!

माझी मागणी माफक आहे. एकूण तरतुदीचा एक टक्का, म्हणजे सुमारे १०४ कोटी, या शीर्षाखाली ठेवा आणि भारतीय भाषांतील चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करा. पूल कोसळल्यावर नेमलेली चौकशी समिती कितीही विद्वान असली, तरी ती पूल वाचवत नाही.