जुन्या गाडीचे नवे टायर

राजापूर तालुक्यातील नाट्यासारख्या किनारी गावात पावसाळ्याचे चार महिने उतार-वळणांचे रस्ते ओले असतात. तेथे हौसेने जपलेली जुनी स्पोर्ट्‌स गाडी वर्षातून मोजकेच दिवस बाहेर निघते. टायरची नक्षी शाबूत दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. चूक येथेच होते. न झिजताही रबर वयाने कठीण होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते; कायद्याची १.६ मिलिमीटर खोलीची अट असा टायर सहज पार करतो.

१९८९ सालच्या माझ्दा एमएक्स-५चे उदाहरण घ्यावे. तिच्या मूळ चाकांचे माप १८५/६० आर१४. ते न मिळाल्यास त्याच चाकांवर १७५/६५ आर१४ चालते. व्यासातील फरक एक टक्क्याहून कमी, म्हणून वेगदर्शक फसवत नाही. भारांक आणि वेगाक्षर मात्र मूळ टायरपेक्षा उतरते नकोत.

मूठभर धान्य हातात घेतल्यावाचून सौदा न करणारा व्यापारी टायर घेताना केवळ भाव विचारतो, हे नवलच. टायरच्या बाजूवरील चार अंक आधी वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरचेही वाचावेत, ती पुष्कळदा गाडीइतकीच जुनी निघते.