मटणाचा पाव

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या रक्ताचा ताळेबंद निघाला. एलडीएल नावाच्या रकान्यात १६२ हा आकडा ठळक टायपात छापून आला होता. शाळेपासून बी. कॉम.पर्यंत कुठल्याच पेपरात मला एवढे मार्क मिळालेले नव्हते, त्यामुळे पहिला क्षण बरा गेला. डॉक्टरांच्या कपाळावर मात्र आठ्या चढल्या.

"घराण्यात कुणाला?"

"आजोबांना. बावन्नाव्या वर्षी. छातीत कळ येतेय म्हणाले, अंगणातल्या बाजेवर बसले आणि गेले. थोरला भाऊ अमेरिकेत असतो. त्याला परवाच स्टेंट घातला."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं आणि आहाराचा एक छापील कागद काढून तो सौ.च्या हातात ठेवला. आता बघा, कोलेस्टेरॉल माझं, आजोबा माझे, भाऊ माझा, आणि कागद तिच्या हातात! खातं एकाचं आणि सही दुसऱ्याची असा प्रकार आमच्या शाखेत झाला असता, तर इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी मला घरी पाठवलं असतं.

कागदावर दोन शब्दांखाली लाल रेघ होती: 'लीन मीट' आणि 'होल ग्रेन'. 'लीन' शब्दाशी माझी ओळख कीर्तनातली. देवाच्या चरणी भक्त लीन होतो तो. बोकडाने कुणाच्या चरणी लीन व्हायचं, हे काही केल्या कळेना. शेवटी मुलीने खुलासा केला, की लीन म्हणजे चरबी नसलेलं. म्हणजे अर्थ फार लांबचा नव्हता. दोन्हीकडे माज उतरलेलाच असतो.

त्याच आठवड्यात न्यू जर्सीतल्या एडिसनहून वहिनींचा निरोप आला. दादाच्या स्टेंटनंतर त्यांच्या घरी 'हार्ट-हेल्दी मीटलोफ' होतो म्हणे. मीटलोफ म्हणजे मटणाचा पाव. पावात मटण नव्हे, मटणाचाच पाव. खिमा, ओट, अंड्याचा पांढरा भाग, कांदा हे सगळं कालवायचं, पावाच्या साच्यात दाबून बसवायचं, वरून टोमॅटो केचप फासायचं आणि तासभर भाजायचं. कृतीबरोबर ओटच्या डब्याचा फोटो होता. डब्यावर लालचुटुक हृदय.

कागद सौ.च्या हातून काढून घेतला आणि जाहीर केलं, "माझं पथ्य मी रांधणार." घरात जी शांतता पसरली, तिला आदर म्हणता येणार नाही.

रविवारी मटणाच्या दुकानात रांग लावली. नंबर आल्यावर म्हटलं, "पावणेसातशे ग्रॅम. मांडीचा खिमा. चरबी सगळी काढून."

त्यांनी सुरा थांबवला. "सगळी?"

"सगळी."

"पेशंट कोण आहे घरात?" त्यांनी इतक्या हळुवार आवाजात विचारलं, की मागच्या रांगेतली चार माणसं सरसावून ऐकायला लागली.

मीटलोफचं शास्त्र असं, की चरबी असते तोवर ती खिम्याला ओलावा देते. ती काढलीत, की तिच्या जागी पाणी धरून ठेवणारं काही तरी घालावं लागतं. म्हणून ओट आधी दुधात भिजवायचे. ही ओळ मी वाचली नाही. हप्ता ठरल्या तारखेला आला पाहिजे ही ओळ जशी आमचे कर्जदार वाचत नाहीत, तशीच. कोरडे ओट घातले, चार वर्षांपूर्वी केकसाठी आणलेल्या आणि पुढे स्टीलचे डबे ठेवण्यासाठी वापरात असलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर तासभर ठेवले, आणि बाहेर काढल्याबरोबर सुरी घातली. दहा मिनिटं थांबायचं असतं हेही त्या कागदावर होतं. साच्यातून जे निघालं, ते भाजलेल्या विटेचा भुगा आणि भुग्याची वीट यांच्या मधलं काही तरी होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, हेल्दी लागतंय." एखाद्या पदार्थाची यापेक्षा मोठी बेअब्रू आजच्या पिढीला करता येत नाही. सौ. काही बोलली नाही. तिने कपाटातून पापड काढले, लोणच्याची बरणी पुढे सरकवली आणि भात वाढला. मग आम्ही सगळ्यांनी, घरात एक हार्ट-हेल्दी पदार्थ झालेला आहे या आनंदात, नेहमीपेक्षा एक पापड जास्त खाल्ला.

माझं भांडण इथेच सुरू होतं. ते मीटलोफशी नाही. ते त्या लाल हृदयाशी आहे.

कारकुनाला कुठलाही कागद दिला तरी तो बेरीज करतोच. ओट कोलेस्टेरॉल उतरवतात ही थाप नव्हे, त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो आणि तो खरोखर काम करतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ साली ओटवाल्यांना तसं डब्यावर छापायची परवानगी दिली, ती काही उगाच नव्हे. पण परवानगीत एक आकडा होता: दिवसाला ३ ग्रॅम. आता वहिनींच्या कृतीत ओट पाऊण कप, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. त्यात बीटा-ग्लुकन फार तर अडीच ग्रॅम. पावाच्या वड्या पडतात आठ. म्हणजे एका वडीत तीन दशांश ग्रॅम. दिवसाचा कोटा पुरा करायला दहा वड्या हव्यात, आणि पावाच्या मुळात आठच! अख्खा पाव एकट्याने खाल्ला, तरी माणूस हृदयाचा देणेकरीच राहतो. शिवाय पोटात पावणेसातशे ग्रॅम मटण गेलं, ते वेगळं.

आणि त्या कृतीतलं मीठ? चमचाभर. केचपमध्ये मीठ आणि साखर आधीच असते, पापड-लोणच्याचं तर नावच नको. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, तोही सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळं धरून. पण मिठाच्या पिशवीवर फुटलेलं हृदय कोण छापतो? हृदय छापतात ते जमेच्या बाजूला. नावेची बाजू कोरी. अशी खातेवही मी लिहिली असती, तर आज हा लेख तुरुंगातून लिहीत असतो.

त्या हृदयाचा खरा परिणाम आपल्या हातावर होतो. एकदा ते छापलेलं काही पोटात गेलं, की हात सैल सुटतो. मी स्वतः 'मल्टीग्रेन' ब्रेडच्या चार स्लाइस खाऊन, दोन पुण्य म्हणून खाल्ल्या असं समजत होतो. एकदा चष्मा लावून मागची बाजू वाचली. घटक छापताना सगळ्यात जास्त वजनाचा पहिला, असा नियम आहे. पहिला होता मैदा. नाचणी, ज्वारी वगैरे मंडळी शेवटी शेवटी, लग्नाच्या पत्रिकेत 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमण्यांसारखी. तांबूस रंग होता तो कॅरमलचा. आणि त्याच घरात गव्हाचं पीठ चाळून कोंडा टाकून देतात, आणि तोच कोंडा डब्यात भरून आला की दीडशे रुपये मोजतात. डॉक्टरांनी लाल रेघ मारलेलं 'होल ग्रेन' आम्ही आधी केराच्या टोपलीत टाकतो आणि मग दुकानातून आणतो.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. आमच्या शाखेत एक गृहस्थ आहेत. मीटलोफची हकीकत ऐकल्यावर ते छाती काढून म्हणाले, "अहो, आपल्या पूर्वजांना कुठे ओट होते? माझी आजी तूप खाऊन ब्याण्णव वर्षं जगली." टाळ्या पडल्या. मीही अर्धी वाजवली. मग आठवलं, की माझ्याही आजीने तीच भाकरी खाल्ली, आणि तिच्या शेजारी बसून आजोबांनीही तीच खाल्ली. आजी सत्त्याऐंशीव्या वर्षी गेली, आजोबा बावन्नाव्या. ज्या आज्या जगल्या त्यांचे दाखले दिले जातात. बाजेवर बसून गेलेले आजोबा दाखल्याला हजर नसतात. आजोबांच्या कनवटीला कायम तंबाखूची डबी असायची, हेही घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही.

तरीही त्या आजीच्या ताटात काही तरी होतंच. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं, मालदांडी ज्वारीच्या काळ्या रानातलं. त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आजीला ती नुसती जोंधळा म्हणून माहीत होती. अकरा माणसांचं घर, मटण महिन्यातून एकदा, आणि तेही अर्धा किलो. वाट्याला दोन तुकडे, बाकी रस्सा आणि भाकरी. त्याला 'लीन' असा शब्द नव्हता. पैसे नव्हते एवढंच. १९७२च्या दुष्काळात तर ज्वारीही गेली आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. वडील सांगत, की तिकडे ती जनावरांना घालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण भाकरी थापताना कुणी उच्चारत नसे. पन्नास वर्षं लोटली. ज्वारीच्या भाकरीला आम्ही गरिबीची खूण मानून ताटातून घालवली, चपाती आणली, मग ब्रेड आणला, आणि आता संयुक्त राष्ट्रांनी, तेही भारताच्याच प्रस्तावावरून, २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केल्यावर तिच्याकडे पुन्हा वळून बघतोय.

गंमत अशी, की तो मीटलोफही मुळात आजीच्याच जातीचा. १९३०च्या मंदीत अमेरिकेतल्या बायकांनी थोडं मटण खूप माणसांना पुरावं म्हणून त्यात शिळा पाव आणि धान्य मिसळलं, आणि तो घरोघर गेला. आपल्याकडे शामी कबाबात डाळ घालतात, तसंच. हृदयाचा त्यात काही संबंध नव्हता, प्रश्न पाकिटाचा होता. डब्यावर हृदय आलं ते खूप नंतर.

म्हणून दुसऱ्या रविवारी मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. "तीनशे ग्रॅम. मांडीचा. चरबी काढून."

"पेशंट बरे आहेत ना?" रांग पुन्हा सरसावली.

या खेपेला ज्वारीच्या कण्या रात्रभर भिजवून मऊ शिजवल्या आणि वजनाला खिम्याइतक्याच घातल्या. त्यात किसलेला दुधी पाण्यासकट, आलं, लसूण, कोथिंबीर आणि गावाकडचं काळं तिखट. अंड्याचा पिवळा भागही घातला. १९६८ साली अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने आठवड्याला तीनच बलक सांगितले होते, आणि २०१५ साली तिथल्या सरकारी आहारसूत्रांनी रोजच्या कोलेस्टेरॉलच्या आकड्याची मर्यादाच काढून टाकली. मधल्या काळात जगभर किती बलक मोरीत गेले असतील, त्याचा हिशेब कोण देणार? मीठ निम्मं घातलं, उरलेल्या निम्म्याचं काम लिंबाकडून करून घेतलं. केचपला रजा. बाहेर काढल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं हात मागे बांधून उभा राहिलो. वडी सरळ पडली. मुलीने एक खाल्ली आणि दुसरी मागितली. हेल्दी हा शब्द निघाला नाही. पापड काढायला उठलेली सौ. कपाटापर्यंत गेली, थांबली, आणि नुसतं ताक घेऊन आली.

तीन महिन्यांनी एलडीएल १०४ आलं. डॉक्टर म्हणाले गोळीमुळे, मी म्हटलं ज्वारीमुळे, सौ. म्हणाली संध्याकाळी ती मला ओढून फिरायला नेते म्हणून. बँकेत अशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. गोळी चालू आहे.

परवा दादाचा फोन आला. मी त्याला दहा वड्यांचा हिशेब ऐकवला. पलीकडे बराच वेळ शांत.

"ज्वारीचं पीठ पाठवू का?" मी विचारलं.

"नको, इथे मिळतं," दादा म्हणाला. "इंडियन स्टोअरमध्ये. थोडं महाग असतं." मग पिशवी हातात घेतल्याचा आवाज आला. "आणि अरे, यावर पण एक लाल हृदय काढलंय."